एतदग्ग आणि विद्यापीठाची गौरवयादी

आपल्याकडील प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठ आपल्या नामवंत प्राध्यापकांची व माजी विद्यार्थ्यांची यादी मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध करीत असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठही त्याला अपवाद नाही. या विद्यापीठाचा धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील उपपरिसर २००४ साली सुरू झाला. तेथील ग्रामीण विद्यार्थ्याने अशी यादी वाचली, तर त्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. यादी हीदेखील एक प्रकारची समीक्षाच असते. कोणाला निवडले आणि कशासाठी निवडले, यातून यादी करणाऱ्याचा मानदंड उघड होतो.

पालि वाङ्मयात अशी एक प्राचीन यादी आहे. अंगुत्तर निकायाच्या एकक निपातातील एतदग्ग वग्गात भगवान बुद्धांनी आपल्या श्रावक-श्राविकांचा निर्देश केला आहे. तेथे प्रत्येक नावासमोर पद नाही, गुण आहे. सारिपुत्त महाप्रज्ञेत अग्र, आनंद बहुश्रुतांमध्ये अग्र. विनयधरांमध्ये अग्र ठरलेले उपालि पूर्वाश्रमीचे शाक्यांचे नापित होते. बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्र म्हणून नाव येते ते खुज्जुत्तरेचे. अट्ठकथेनुसार ती राणी सामावतीची दासी होती. ऐकलेला धम्म ती अंतःपुरात जाऊन राणीला व इतर स्त्रियांना शिकवीत असे. ज्या राणीची सेवा करायची, तिचीच ती आचार्या झाली. पदांची यादी केली असती तर खुज्जुत्तरा तीत आली नसती.

हा मानदंड आपल्या विद्यापीठास लावून पाहू. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या नावापुढे २०१८ची पद्मश्री लिहिली जाते. तो सन्मान यथोचितच होय. परंतु त्यांचा एतदग्ग गुण वेगळा आहे. ‘अस्मितादर्श’ नियतकालिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांच्याद्वारे, ज्यांच्या घरात लेखणी प्रथमच आली होती त्यांना त्यांनी लेखक म्हणून उभे केले. डॉ. सुखदेव थोरात मिलिंद महाविद्यालयाचे व या विद्यापीठाचे विद्यार्थी. ते २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, एवढेच यादी सांगते. वस्तुतः पॉल अॅटवेल यांच्यासमवेत २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी जे दाखविले ते अधिक मोलाचे आहे. समान पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठविले असता, दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी होती. भालचंद्र नेमाडे यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ते येथे इंग्रजीचे अध्यापक होते. पण ‘कोसला’ १९६३ची, म्हणजे त्या सेवेपूर्वीची, आणि ज्ञानपीठ २०१४चे, सेवेनंतर कितीतरी वर्षांनी मिळालेले. मग त्यातील विद्यापीठाचे श्रेय किती, हे यादीने प्रामाणिकपणे सांगावयास नको काय?

यावर असा आक्षेप संभवतो की, पदे व पुरस्कार तपासता येतात. गुणांविषयी मात्र मतभेद होतात. आक्षेप खरा आहे. परंतु मतभेदाला भिऊन पदापाशी थांबणे विद्यापीठास शोभत नाही. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला सांगतात की, पंडितांप्रमाणे वाद करणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे करणार असाल तर नाही. पंडित चूक दाखविली तरी रागावत नाही. पदांची यादी हा राजवाद आहे, कारण तिच्याशी वादच करता येत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८चा. मधली सोळा वर्षे संघर्षाची. त्या ठरावानंतरच्या हिंसाचारात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी एवढेच दोन रकाने असलेल्या यादीत अशांना जागा कोठली? आणि धाराशिव जिल्ह्यातील तेरचे रामलिंगप्पा लामतुरे? प्राचीन तगराचे अवशेष त्यांनी गोळा केले म्हणून आज तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याच तेर गावी त्रिविक्रम मंदिराच्या रूपाने मूळचे विटांचे चैत्यगृह उभे आहे. अभ्यासकांना साधने पुरविणारा हा माणूस विद्यापीठाच्या सेवेत नव्हता.

म्हणून सूचना एवढीच की, यादी रद्द करू नये, तिची रचना बदलावी. प्रत्येक नावासमोर एक गुण, त्या गुणाची साक्ष देणारे एक कार्य आणि त्यात विद्यापीठाचा वाटा लिहावा. शिवाय विद्यापीठाबाहेरील ऋणकोंसाठी नव्हे, तर ज्यांचे ऋण विद्यापीठावर आहे अशांसाठी तिसरा रकाना ठेवावा. धाराशिवच्या विद्यार्थ्याला त्या यादीतून वाचावयाचे पुस्तक आणि पुढे न्यावयाचे काम, दोन्ही सापडतील.