पाण्याला दिलेली वाट

पुस्तकावर लिहावे, नाटकावर लिहावे, चित्रावर लिहावे; घराच्या दुरुस्तीवर मात्र गवंड्याने बोलावे आणि तिच्या खर्चावर मालकाने, अशी आपली समजूत आहे. पण काही दुरुस्त्यांमध्ये एखाद्या चांगल्या कादंबरीइतका विचार साठवलेला असतो. व्हेनिसमधल्या क्वेरिनी स्ताम्पालिया या वाड्याची दुरुस्ती ही त्यांपैकी एक. मी व्हेनिसला गेलेलो नाही. हा वाडा मी आराखड्यांतून आणि छायाचित्रांतून पाहिला आहे. म्हणून दगडाच्या स्पर्शाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. त्यामागच्या विचाराविषयी बोलतो.

वाडा सोळाव्या शतकातला, अगदी कालव्याच्या काठावरचा. या घराण्याचा शेवटचा पुरुष जोव्हान्नी क्वेरिनी १८६९ साली निपुत्रिक वारला. मरताना त्याने वाडा, ग्रंथ आणि चित्रे लोकांच्या उपयोगासाठी ठेवून दिली. त्याची एक अट मला फार आवडते. दुसरी वाचनालये बंद असतील त्या वेळी, विशेषतः रात्री, हे वाचनालय उघडे असावे. दिवसभर पोटामागे धावणाऱ्या माणसाला वाचायला सवड केव्हा मिळते, हे त्या सरदाराला कळले होते!

पण विसाव्या शतकाच्या मध्याला तळमजल्याची दुर्दशा झाली होती. समुद्राला उधाण आले की कालवा फुगे आणि पाणी सरळ घरात शिरे. तेव्हा संस्थेचे संचालक जुझेप्पे मात्सारिओल यांनी हे काम कार्लो स्कार्पा या वास्तुशिल्पकारावर सोपवले आणि १९६३ साली ते पुरे झाले. हा स्कार्पा कलाशाळेत शिकलेला. वास्तुशिल्पकाराच्या व्यवसायासाठी लागणारी सरकारी परीक्षा त्याने कधी दिलीच नाही. उलट व्हेनिसच्या वास्तुविद्येच्या संस्थेत त्याने वर्षानुवर्षे इतरांना शिकवले. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही हकिकत वाचून थोडे बरे वाटते, हे कशाला लपवू?

पाण्याशी वागण्याच्या दोन रीती सर्वांना ठाऊक आहेत. दार बुजवून ते बाहेर ठेवावे, नाहीतर खालचा मजला त्याच्या हवाली करून आपण वर राहावे. स्कार्पाने तिसरी रीत शोधली. त्याने पाण्याला आत घेतले, पण त्याची जागा ठरवून दिली. कालव्यावरच्या जुन्या पाणदरवाजांना त्याने धातूच्या जाळ्या बसवल्या. त्यांतून पाणी येते, आतल्या चरांत खेळते आणि भरती ओसरली की आल्या वाटेने परत जाते. माणसांसाठी शेजारून उंच, काठ उचललेली वाट केली आहे. पाहुण्याला पडवीत बसवावे, पण माजघरात येऊ देऊ नये, असा हा शहाणपणा आहे.

दुसरा विशेष असा की या घरात नवे ते उघडपणे नवे आहे. कालवा ओलांडायला पोलाद आणि लाकूड यांचा एक हलका पूल केला आहे. तो एका जुन्या खिडकीला भिडतो, आणि त्या खिडकीचेच दार झाले आहे. आत रंगीत संगमरवरी तुकड्यांची फरसबंदी आहे. प्रदर्शनाच्या दालनात काँक्रीटची जमीन भिंतीवर थोडी चढवून पाण्याला अडवले आहे. जुन्या पोथीचे हरवलेले पान पुन्हा लिहिताना कोणी मूळ अक्षराची हुबेहूब नक्कल करतो. कोणी आपल्या स्वच्छ हाताने लिहून ते जागच्या जागी बसवतो. पहिल्याचे कसब मोठे, पण दुसरा अधिक प्रामाणिक. स्कार्पा या दुसऱ्या जातीचा आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. पाणी असे नटवून दाखवले की त्याचे भय लपत नाही काय? हे काम होऊन तीनच वर्षे झाली, तोच ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिसमध्ये पाणी मापखुणेच्या वर १९४ सेंटिमीटर चढले. असल्या पुरापुढे उंच काठाचा काय पाड! २०२० सालापासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे काम करू लागले आहेत. मोठे उधाण ते अडवतात. लहान उधाणाशी मात्र घराला अजून आपले आपणच वागावे लागते. स्कार्पाने समुद्र जिंकल्याचा आव आणलेला नाही. रोजच्या त्रासाशी सभ्यपणे कसे राहावे, एवढेच त्याने दाखवले, आणि तेवढे मला पुरेसे वाटते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. १९५१ साली त्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्याही खाली गेली. वाडे उभे आणि वस्ती उठलेली! अशा वेळी केवळ भिंती वाचवणारी दुरुस्ती म्हणजे प्रेताला शालू नेसवणे होय. क्वेरिनींचा वाडा या दोषातून सुटला तो स्कार्पाच्या पितळेमुळे वा दगडामुळे नव्हे; तेथे अजून लोक वाचायला येतात म्हणून. मृत्युपत्रातली ती अट हाच त्या घराचा खरा पाया आहे. स्कार्पाने त्या पायाला शोभेल असा तळमजला दिला, हे त्याचे यश.

आपल्याकडेही खाडीकाठची कौलारू घरे आता नव्याने सजू लागली आहेत. आत गुळगुळीत फरशी येते, झुळझुळीत पडदे येतात, आणि दाराला वर्षातले अकरा महिने कुलूप असते. त्या सजावटीला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. दिवाळीला घराला रंग काढणाऱ्या प्रत्येकाला मी एवढेच सुचवीन की, रंग निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. पावसाचे पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल. आणि या दारातून कोण कोण आत येईल. या दोन्हींची उत्तरे ज्या घराजवळ आहेत, त्याचा रंग थोडा चुकला तरी चालेल.