स्थळ आणि चित्र: मालेगांवचा धडा

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें मुंबईकडे निघालें, कीं सुमारें ५० किलोमीटरांवर मालेगांव लागतें. यंत्रमागांच्या या गांवीं नासिर शेख व त्यांचे सवंगडी हौसेनें बोलपट काढीत आले, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्या 'मालेगांव का सुपरमॅन' या चित्राची घडण फैझा अहमद खान यांनीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या २००८ सालच्या माहितीपटांत टिपली आहे. याच मंडळींवर रीमा कागती यांचा कथापट २०२५ मध्यें चित्रगृहांत आला. त्या निमित्तानें आम्हीं मूळ माहितीपट पुन्हां पाहिला.

पहिल्या खेपेस आम्ही नुसते हंसलों होतों. सायकलीवरून कॅमेरा फिरविणारे आणि बैलगाडीची यारी करून उंचावरून चित्र घेणारे दिग्दर्शक पाहून हंसूं येणें स्वाभाविकच आहे. 'साधनें नसतां केवढें हें धाडस!' अशी त्यांची स्तुति सर्वत्र होते. ती खोटी नाहीं, परंतु अपुरी आहे. कोणत्या चित्रासाठीं कॅमेरा कोठें असावा, याचा निश्चय नासिर शेख आधीं करितात. सायकल किंवा बैलगाडी त्यामागून येते. आमच्या आजच्या हौशी मंडळींचें नेमकें उलट असतें. खिशांत उत्तम फोन असतो, म्हणून तो हलतो, फिरतो, जवळ जातो, दूर पळतो. कशासाठीं, तें धरणारासही सांगतां येत नाहीं.

फैझाबाईंचा मार्ग निराळा आहे. नासिर यांना मालेगांवावर सुपरमॅनचें आकाश उभारावयाचें आहे. यांना मालेगांवच दाखवावयाचें आहे. म्हणून त्या थांबतात. मागांवरचें काम, गल्लींतील गप्पा, विनोदाआडची खंत यांना त्या अवकाश देतात. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे यंत्रमागावरचे कामगार. अंगावर वीराचा पोशाख असला तरी ते त्याच गांवचे दिसतात, कारण गांव चौकटीबाहेर हांकललेलें नाहीं. स्टुडिओंत जें मिळालें नसतें तें स्थळानें द्यावें, हीच जागेवर जाऊन केलेल्या चित्रणाची कसोटी, आणि तींत हा माहितीपट उतरतो. उणीव एकच: गांवच्या स्त्रिया त्यांत फारशा बोलत नाहींत.

ही उणीव आम्हांस विशेष जाणवली, त्यास कारण आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या अहिराणी ओव्यांचें चित्रण केलें होतें. वैशाखांतली भर दुपार, गच्ची, सुटलेला वारा. आजीचे डोळे सावलींत बुडालेले, कॅमेरा तिच्याभोंवतीं घिरट्या घालीत असलेला आणि वर सतारीचे सूर. स्नेहसंमेलनांत सर्वांनीं टाळ्या पिटल्या, आम्हींही पिटल्या. पुढें आजी गेली. मूळ चित्रण मागितलें, तेव्हां फोनमध्यें जागा हवी म्हणून तें पुसल्याचें कळलें. उरल्या त्या सतारीच्या सुरांखालून ओवी ऐकूं येत नाहीं. हा दोष केवळ त्या मुलाचा नव्हे. टाळ्या देणाऱ्या आम्हां शिक्षकांचाही आहे.

वास्तविक करावयाचें होतें तें फार थोडें. सकाळचें कोंवळें ऊन धरून आजीस ओसरीवर बसवावयाचें. फोन तिवईवर, तिवई नसल्यास पाटावर, स्थिर ठेवावयाचा. माइक तोंडाजवळ, वाऱ्याच्या आड घ्यावयाचा. आधीं सारें घर, मग आजी, मग तिचे हात, अशीं चित्रें घ्यावयाचीं व प्रत्येक चित्र निदान दहा सेकंद हलवावयाचें नाहीं. ओवी संपेपर्यंत मध्यें बोलावयाचें नाहीं. शेवटीं घराचा नुसता आवाज मिनिटभर टिपून घ्यावयाचा, म्हणजे पुढें तुकडे जोडतांना तो उपयोगी पडतो. आणि मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवावयाच्या.

हे नियम यंत्राचे वाटतात, पण मुळांत ते समोरच्या माणसाविषयींच्या आदराचे आहेत. अहिराणी बोलणारीं म्हातारीं माणसें खानदेशांत घरोघर आहेत. त्यांच्यासमोर फोन धरण्यापूर्वीं हा माहितीपट एकदां पाहावा. आणि चित्रण करतांना आपण थोडें गप्प बसावें.