भय रुजलं, गुन्हा उपराच राहिला

आमच्या वाचनगटात एक निवृत्त पोलीस हवालदार आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण जमतो आणि त्या महिन्यात वाचलेल्या रहस्यकथा, भयकथा, अद्भुतकथा यांवर मनसोक्त बोलतो. मागच्या बैठकीत एका नव्या मराठी कादंबरीचा विषय निघाला. तिच्यातला गुप्तहेर खुनाच्या खोलीत शिरतो, पलंगाखाली पडलेला चाकू रुमालात गुंडाळतो, खिशात घालतो आणि निघून जातो. काकांनी पुस्तक त्याच पानावर मिटलं होतं. म्हणाले, "पंच नाहीत, पंचनामा नाही, मुद्देमालाला सील नाही. ही केस कोर्टात उभीच राहायची नाही. मग पुढची दोनशे पानं मी कशासाठी वाचू?"

कुणाला हा पोलिसी हट्ट वाटेल. मला मात्र त्या प्रश्नात मराठी रहस्यकथेचं जुनं दुखणं दिसलं. खून होतो, पण तो कुठे होतो, कुणाच्या हद्दीत होतो, त्याची फिर्याद कोण देतो, हे आपल्या लेखकांना फारसं महत्त्वाचं वाटत नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गोव्याचे गुरुनाथ नाईकही हजाराच्या पुढे गेले. झुंजार, काळा पहाड, गोलंदाज, कॅप्टन दीप ही त्यांच्या नायकांची नावं भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी घराघरांत पोचवली. एरवी पुस्तकाला हात न लावणारी माणसं या पुस्तकांसाठी रांगेत उभी राहिली. हे काम लहान नव्हे, आणि समीक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली ही त्यांची चूकच. पण साचे बहुतेक इंग्रजी होते. नायकाची गाडी मुंबईत सुसाट धावायची आणि त्या मुंबईला गिरणीच्या भोंग्याचा आवाज नसायचा, चाळीतल्या नळावरचं भांडण नसायचं. सुहास शिरवळकरांनी संवादांत जान आणली. त्यांचे नायक फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास आजही वाचकांना तोंडपाठ आहेत. तरीही अमर विश्वासचं कोर्ट आपल्या जिल्हा न्यायालयासारखं दिसत नाही.

इथे शरदिंदू बंद्योपाध्यायांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा सत्यशोधक ब्योमकेश बक्षी 1932 साली पहिल्यांदा वाचकांसमोर आला. त्याची एक सुरुवातीची कथा कोलकात्याच्या एका मेसमध्ये घडते. ती मेस, तिथले भाडेकरू, तिथल्या गल्ल्या हाच कथेचा अर्धा प्राण आहे. आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की शरदिंदू 1938 मध्ये सिनेमासाठी मुंबईत आले आणि 1952 मध्ये पुण्यात स्थायिक झाले. मध्ये कित्येक वर्षं त्यांनी ब्योमकेशला बाजूला ठेवलं होतं. त्याच्या उत्तरार्धातल्या कथा त्यांनी पुण्यात राहून लिहिल्या. त्यांतली 'शैलरहस्य' तर महाबळेश्वरच्या हॉटेलातच घडते. एक बंगाली लेखक आपल्या घाटावरचं धुकं कथेत वापरून गेला. ब्योमकेशच्या तोडीचा, शहराच्या नसा ओळखणारा पुणेरी सत्यशोधक मराठीने अजून दिलेला नाही, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

सामग्री कमी आहे का? सातबाऱ्यावरचं नाव रातोरात बदलतं. बुडालेल्या पतसंस्थेच्या पायरीवर म्हातारी माणसं दिवसभर बसून राहतात. बिल्डरला जमीन विकून गाड्या उडवणारी पोरं वर्षभरात कफल्लक होतात. 2018 मध्ये 'मुळशी पॅटर्न'ने हे पडद्यावर आणलं आणि चित्रपटगृहं भरली. कादंबरीकार अजून निनावी फार्महाऊसवर निनावी उद्योगपतीचा खून करतो आहे.

भयकथेचं वेगळं आहे. नारायण धारपांनीही उसनवारी केली. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, हे आता सगळेच जाणतात. पण धारपांनी त्या भयाला मराठी घराचा उंबरा दिला. माजघरातला अंधार, बंद ठेवलेली खोली, बोलायला कचरणारी वडीलधारी माणसं हे त्यांच्या लेखणीला पुरतं ठाऊक होतं. 'तुंबाड' या 2018 च्या हिंदी चित्रपटामागे त्यांच्या 'आजी' कथेचं ऋण आहे आणि सहा वर्षांनी तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. रत्नाकर मतकरींनी मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत, अपराधी मनात भूत शोधलं. त्यांच्या पुढचा टप्पा हृषीकेश गुप्ते यांचा. 'दंशकाल'मध्ये भीती बाहेरून येत नाही, कुटुंबातच मुरलेली असते. त्यांनी 'हाकामारी' हे नाव पुस्तकाला दिलं आणि आमच्या बैठकीतल्या दोघी एकदम बोलू लागल्या. रात्री कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, ही ताकीद त्यांनी लहानपणी आजीकडून ऐकलेली होती. पुस्तक उघडण्याआधीच अंगावर काटा आलेला. हे बळ उसन्या मालाला येत नाही.

अद्भुतकथेची स्थिती मात्र चिंतेची आहे. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताचाच जोर होता. 'मुक्तामाला' 1861 ची, 'मंजुघोषा' 1868 ची. पुढे नाथमाधवांचा 'वीरधवल' आला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी शशी भागवतांचा 'मर्मभेद'. 'मर्मभेद'मधले डावपेच वाचताना आजही रात्र सरते. पण ही रेघ तुटक राहिली. अद्भुत म्हणजे पोरांसाठी, असं आपण ठरवून टाकलं आणि मोठ्या वाचकांना टोल्किनच्या किंवा अमीश त्रिपाठींच्या अनुवादांवर सोडलं. अनुवाद हवेतच, पण त्यांच्यावर वंश चालत नाही.

काल्पनिक जगाला नियम लागतात. जादूची किंमत कोण मोजणार, हद्द कुठे संपते, हे ठरलेलं लागतं. कोकणातल्या गावऱ्हाटीत हे सगळं तयार आहे. गावाची सीमा, तिचा राखणदार, मानकऱ्यांचे हक्क, वर्षाची देणी. देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, आणि पडेपर्यंत सारा गाव श्वास रोखून उभा. त्या एका पाकळीवर आख्खं कादंबरीविश्व तोलता येईल. टीव्ही मालिकांनी यातली फक्त वाऱ्याने आपटणारी खिडकी उचलली.

सध्या नव्या लेखकांना सर्वांत जास्त काम ऐकायच्या ऑडिओ कथा देत आहेत. 2017 मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं अ‍ॅप भारतात आलं, तेव्हापासून गुन्हा आणि भय यांवरच्या मराठी मालिका नेमाने येतात. लेखकाला पैसे मिळतात, ही मोलाची गोष्ट. पण दर भागाच्या शेवटी धक्का द्यायची सवय लागली की मधली पानं पोकळ होतात. गेल्या वर्षभरात ऐकलेल्या बऱ्याच मालिकांत खुनी कोण ते मला आठवत नाही, दार करकरल्याचं तेवढं आठवतं.

या लेखनावर नेटाने बोलायचं तर आधी ती पुस्तकं हाताशी हवीत. अर्नाळकर आणि नाईक यांच्या हजार-हजार पुस्तकांपैकी आज दुकानात मूठभरच मिळतात. स्वस्त कागद पिवळा पडतो, शिवण सुटते, शेवटचं पान आधी गळतं. आमच्या गटाने जुनी वाचनालयं पालथी घालून चाळीसेक प्रती गोळा केल्या, त्यांतल्या अकरा प्रतींना शेवट नाही. तुमच्या माळ्यावर अशी एखादी पिशवी पडली असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. गावातल्या वाचनालयाला द्या, आणि देण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे ना, तेवढं बघा.