हसू कोणावर? : कृष्णविनोदी चित्रपट आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील प्रेक्षक

प्रास्ताविक

मृत्यू, हिंसा, रोग, अपघात यांसारख्या ज्या विषयांसमोर समाज एरवी आवाज खाली आणतो, त्याच विषयांतून हास्य निर्माण करणारी कलाकृती म्हणजे ‘ब्लॅक कॉमेडी’ होय. मराठीत तिला कृष्णसुखात्मिका म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘कृष्णविनोद’ ही सुटसुटीत संज्ञा वापरली आहे. फ्रेंच अतिवास्तववादी आंद्रे ब्रेताँ याने १९४० मध्ये या विनोदाचे संकलन सिद्ध केले, तेव्हापासून या प्रकाराची स्वतंत्र चर्चा होऊ लागली. मराठी रसिकाला मात्र तो परका नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकातील भाऊराव मेल्यानंतर स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात आणि आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे, असा हट्ट धरतात. कीर्तनासारखा श्रद्धेचा घाट प्रेतानेच ताब्यात घ्यावा, ही कल्पना पचवलेला प्रेक्षक कोणत्याही कृष्णविनोदी चित्रपटाला सामोरा जाऊ शकतो.

महाविद्यालयातील चित्रपट मंडळासाठी या प्रकारातील कोणते चित्रपट निवडावेत, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. त्यासाठी ‘किती हसू आले’ हा निकष अपुरा ठरतो. पडद्यावर माणूस मरतो तेव्हा हसू मरणाऱ्याकडे वळते की ते मरण शक्य करणाऱ्या व्यवस्थेकडे, हे पाहणे अधिक उपयुक्त वाटते. आपल्या परिसरात तर या प्रश्नाला विशेष धार आहे.

उल्हासनगर आणि ‘जाने भी दो यारों’

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावलेल्यांच्या वस्तीला ‘उल्हासा’चे नाव लाभावे, यातील विसंगती नाव देणाऱ्यांना अभिप्रेत नसावी, पण तिथल्या माणसांनी विनोद मात्र अंगी बाणवला. येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या मालावरील ‘मेड इन यू.एस.ए.’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगितला जातो, तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. या विनोदात फसवणुकीची कबुली आहे आणि शून्यातून उभे राहिल्याचा गर्वही आहे.

या शहराची दुसरी ओळख अनधिकृत बांधकामांची. ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाने २००६ मध्ये केवळ या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा केला. पुढे मे २०२१ मध्ये, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, येथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. अशा शहरात कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) दाखविणे म्हणजे केवळ जुन्या गमतीची उजळणी ठरत नाही.

विनोद आणि सुधीर या दोन गरीब छायाचित्रकारांना बागेत काढलेले एक छायाचित्र मोठे करताना त्यात खून दिसतो. आन्तोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ला दिलेली ही सलामी आहे, बागेचे नावही ‘आन्तोनिओनी पार्क’ असेच आहे. खून झालेला डिमेलो हा लाचखाऊ आयुक्त आणि खून करणारा तरनेजा हा बांधकाम व्यावसायिक. यानंतर आयुक्ताचे प्रेत शहरभर फिरत राहते. मद्यधुंद अहुजाला त्याची शवपेटी बंद पडलेली मोटार वाटते, आणि अखेर महाभारताच्या रंगमंचावर ते प्रेत द्रौपदी होऊन उभे राहते. या प्रसंगांना प्रेक्षागृह खळखळून हसते, आणि त्या हसण्यात काही गैर नाही. कारण हे प्रेत ज्याचे आहे तो स्वतः त्या व्यवस्थेचा भागीदार होता.

खरा कृष्णविनोद त्यापुढे आहे. पूल कोसळतो, आणि दोष त्या दोन छायाचित्रकारांच्या माथी मारला जातो. आशेच्या समूहगीताच्या सुरांवर कैद्यांच्या वेशातील ते दोघे प्रेक्षकाकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात, तेव्हा आधीच्या दोन तासांचे हसणे आपल्याकडेच परत येते. महाभारताच्या प्रसंगाची कात्रणेच विद्यार्थ्यांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. म्हणून हा चित्रपट अखेरपर्यंत सलग दाखविणे आवश्यक आहे.

‘बदलापूर’ : नावावरील कोटी

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ (२०१५) हा काटेकोर अर्थाने सुखात्मिका नाही. तो सूडपट आहे. तरीही आपल्या गावाच्या नावाचा चित्रपट म्हणून तो येथे चर्चेला घेणे भाग आहे. दिग्दर्शकाला हे गाव नावातल्या ‘बदला’साठी, म्हणजे सूडासाठी, हवे होते हे उघड आहे. स्थानिक लोककथा मात्र वेगळे सांगते. या वाटेने जाणारे स्वार येथे थकलेले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ही कथा कितपत टिकेल हा भाग निराळा. चित्रपटाचा अर्थ लावताना ती आश्चर्यकारकपणे उपयोगी पडते.

पत्नी आणि मुलगा गमावलेला रघू पुणे सोडून बदलापुरात येऊन राहतो आणि पंधरा वर्षे सूडाची वाट पाहतो. गुन्हेगार लियाक तोवर तुरुंगात आहे. त्याचे खोटे बोलणे, पळून जाण्याचे फसलेले प्रयत्न, कर्करोगाची बातमी ऐकतानाचा त्याचा बावळट चेहरा यांतून नवाजुद्दीन सिद्दीकी सतत हसू निर्माण करतात. त्या हसण्यातून प्रेक्षक नकळत खुन्याच्या बाजूला सरकतो. दरम्यान रघूच्या हातून निर्दय हत्या घडतात आणि त्यांचा दोष लियाक स्वतःवर घेतो. म्हणजे सूड रघूचा, पण बदल लियाकचा. दोघांनी घोडे बदलले, असे म्हणता येईल. विनोदाचा असा नैतिक उपयोग हिंदी चित्रपटात क्वचितच झाला आहे. दोन आक्षेप मात्र नोंदवावे लागतात. एक, यातील स्त्रियांना सूडाचे साधन होण्यापलीकडे फारसे अस्तित्व नाही. दुसरा, गाव पडद्यावर येते ते एकाकी माणसाचे उदास नेपथ्य म्हणून. लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे बदलापूर त्यात जवळजवळ नाही. शिवाय चित्रपटास प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे, हे कनिष्ठ महाविद्यालयांनी ध्यानात ठेवावे.

याच दिग्दर्शकाचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) रचनेच्या दृष्टीने अधिक सफाईदार आहे. तथापि त्यातील प्रेते कोड्यातील सोंगट्यांसारखी आहेत. त्यांच्याविषयी चित्रपट संपल्यावर काही विचारावेसे वाटत नाही. पटकथालेखनाच्या पाठासाठी तो उत्तम.

मराठी चित्रपट

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका आपल्या नवऱ्यावर पहारा बसवते. लहान मुलाला ती त्याच्या मागे सावलीसारखे फिरायला लावते. प्रेमातून आलेला हा पहारा हास्यास्पद होतो, आणि ज्याच्यावर तो आहे त्याला त्याचे कारणच ठाऊक नसते. पुढल्या वर्षी आलेल्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये हाच विषय दूरचित्रवाणीच्या गोंगाटावर हसण्यात खर्च झाला, आणि शेतकरी नथा त्या गर्दीत हरवला. मनवर यांचे हसू घराचा उंबरठा सोडत नाही, म्हणून ते अधिक बोचते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा या सर्वांत कमी हसविणारा आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ कृष्णविनोदी चित्रपट होय. गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली आणि त्याला लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने प्रवृत्त केले, असा हा खटला आहे. साक्षीत कामगाराची पत्नी सांगते की तो मॅनहोलमध्ये खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. आली तर आत प्राणवायू आहे असे समजायचे. सुरक्षेचे साधन म्हणून झुरळ. न्यायालयात यावर कोणी हसत नाही, कोणी दचकतही नाही; पुढची तारीख पडते. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण न ऐकणारे न्यायाधीश हेच, आणि ते गृहस्थ म्हणून वाईटही नाहीत. दोष कोणा एकाच्या माथी मारण्याची सोय हा चित्रपट ठेवत नाही.

वर्षातून तीनच चित्रपट दाखविणे शक्य असेल, तर आरंभ ‘जाने भी दो यारों’ने करावा, नंतर ‘गाभ्रीचा पाऊस’ घ्यावा आणि ‘कोर्ट’ शेवटी ठेवावा. ‘कोर्ट’नंतर चर्चेसाठी किमान एक तासिका राखून ठेवावी, आणि तिला शक्यतो विधी व समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही बोलवावे, झुरळांची साक्ष केवळ भाषा विभागाने चर्चिण्यासारखी नाही.