भांडण केव्हा सुरू झाले?

‘संघर्ष, हिंसा आणि शांतता’ हा विषय मी एम. ए.च्या वर्गाला शिकवतो. बाप सालगडी, घरात पदवी आणणारा मीच पहिला. म्हणून असेल, या विषयाचे पुस्तक उघडताना माझ्या मनात आधी संशय येतो. त्यात मारणाराही ‘पक्ष’ असतो आणि मार खाणाराही ‘पक्ष’च. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या भावना समजून घ्यायच्या!

पण या विषयात एक निबंध असा आहे की तो आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे. ऑस्लो येथे १९५९ साली शांतता-संशोधन संस्था उभारणारे नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी तो १९६९ साली लिहिला. मारामारी नाही म्हणजे शांतता आहे, हे त्यांना मान्य नाही. माणूस जे होऊ शकला असता आणि प्रत्यक्षात जे झाला, यातले टाळता येणारे अंतर ज्यामुळे पडते ती हिंसा, असे ते मांडतात. अठराव्या शतकात क्षयाने कोणी मेला तर ती हिंसा म्हणता येणार नाही. औषध उपलब्ध असताना मेला तर ती हिंसाच. याला त्यांनी रचनात्मक हिंसा म्हटले.

हे प्रथम वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ती रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दूर उन्हात उभी राही. तिच्या अंगावर कोणी कधी हात टाकला नाही. पोलिसांच्या दप्तराप्रमाणे तिचे सारे आयुष्य शांततेत गेले. गाल्टुंगांनी त्या उभे राहण्याला नाव दिले, हे त्यांचे ऋण मी मानतो.

माझा आक्षेप पुढे आहे. रचनात्मक हिंसेला ठळक असा कर्ता दाखवता येत नाही, असे ते म्हणतात. आपल्याकडच्या सभ्य लेखनाला हे फार सोयीचे आहे. ‘पाणी बंद करण्यात आले’ असे लिहिले की बंद करणारा वाक्यातून निसटतो.

महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर वाट मोकळी होती. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारोंनी पाणी प्यायल्यावर परिषदेहून परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. येथे रचना एकीकडे आणि लाठी दुसरीकडे, अशी वाटणी कशी करायची? लाठी धरणाऱ्या हातांना नावे होती, घरे होती.

गाल्टुंगांनी १९९० साली ‘सांस्कृतिक हिंसा’ ही कल्पना मांडली: धर्म, भाषा, कला यांतून अन्याय योग्य वाटू लागतो. जात ही विटांची भिंत नसून शास्त्रांनी पवित्र केलेली मनाची धारणा आहे, हे बाबासाहेबांनी लाहोरसाठी तयार केलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणात १९३६ सालीच छापले होते. गाल्टुंगांनी आर्ने नेस यांच्यासह गांधींच्या राजकीय नीतीवर १९५५ सालीच पुस्तक लिहिले. त्यांची दृष्टी भारतापर्यंत आली होती; ती कोणाच्या दारात थांबली, एवढीच नोंद मी करतो.

आमच्या वर्गात फळ्यावर संघर्षाच्या पायऱ्या काढतात: सुप्त, व्यक्त, तीव्र, मग तडजोड. या आकृतीत दलित बोलला की संघर्ष ‘व्यक्त’ होतो. म्हणजे भांडण उकरणारा तोच. शासनाने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढली, तिचीही मोजणी याच जातीची. ज्या गावात तक्रार करण्याची कोणाची छातीच होत नाही, ते गाव बक्षिसाच्या रांगेत आपोआप पुढे सरकते.

‘महाडचा संघर्ष केव्हा सुरू झाला?’ हा प्रश्न मी एकदा परीक्षेसाठी काढला होता. वादग्रस्त म्हणून तो गाळला गेला. मग मी तो वर्गातच घातला. बहुतेकांनी १९२७ लिहिले, दोघांनी १९२३. एका मुलीने महाडचे नावच घेतले नाही. तिच्या गावची विहीर कोणत्या साली खोदली, ते ती आजोबांना विचारून आली होती.