संगणकातले तापमान आणि टेबलावरचे तापमान

इलेक्ट्रॉनिक परिपथाची संगणकावर नक्कल करण्याची सोय आता शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आली आहे. या आज्ञावलींचा मूळपुरुष म्हणजे 'स्पाइस'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेली ही आज्ञावली १९७३ साली जगापुढे आली. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाचा 'ईसिम' हा मोफत संचही याच घराण्यातल्या 'एनजीस्पाइस'वर चालतो.

अशा आज्ञावलीत एखाद्या घटकाची किंमत किंवा तापमान पायरीपायरीने बदलून प्रत्येक वेळी परिपथ नव्याने सोडवता येतो. याला 'स्वीप' म्हणतात. या सोयीचे गुण आम्हाला मान्य आहेत. ५ व्होल्ट, १० किलोओहमचा रोध आणि एक सिलिकॉन डायोड एकसरीत जोडा आणि तापमान ० पासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत बदला. आज्ञावलीतला मूळचा डायोड घेतला, तर त्याच्या टोकांमधील विभवांतर सुमारे ०.६८ व्होल्टवरून ०.५७ व्होल्टपर्यंत उतरते. म्हणजे दर अंशाला जवळजवळ २ मिलिव्होल्टची घट. प्रत्यक्ष डायोडही साधारण असाच वागतो.

आमचा आक्षेप आहे तो यापुढच्या वाटचालीला. डायोडच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे, समजा एखाद्या रिलेचे, घ्या आणि ते १०० ओहमचा रोध म्हणून नोंदवा. तेच तापमान बदलून पाहा. रोध १०० ओहमच राहील! खऱ्या तांब्याचा रोध मात्र ० अंशाला १०० ओहम असला, तर ६० अंशाला सुमारे १२५ ओहम होतो. रोधाचा तापमान-गुणांक आपण दिला नाही, तर आज्ञावली तो शून्य धरते. ट्रान्झिस्टरचेही तसेच. त्याची प्रवाहवृद्धी तापमानाबरोबर वाढते. पण मूळच्या प्रतिमानात तो गुणांकही शून्यच आहे. पडद्यावर सरळ आडवी रेषा उमटते. परिपथावर तापमानाचा परिणाम होत नाही, असे विद्यार्थी वहीत लिहितो. वास्तविक ती रेषा म्हणजे एक न भरलेला रकाना असतो.

दुसरी उणीव अशी की, साध्या प्रतिमानांत सर्व घटकांचे तापमान एकच धरले जाते. आपण काही सांगितले नाही, तर ते २७ अंश, म्हणजे सुमारे ३०० केल्विन असते. प्रत्यक्षात वर्धकातला शक्ती-ट्रान्झिस्टर हाताला चटका देतो, तेव्हा शेजारचा रोध कोमटच असतो. ट्रान्झिस्टर तापल्याने धारा वाढणे आणि धारा वाढल्याने तो आणखी तापणे, हे दुष्टचक्र अशा स्वीपमध्ये दिसत नाही.

एकाच घटकाची किंमत बदलण्यातही सावधगिरी हवी. १० व्होल्टला जोडलेल्या १० किलोओहमच्या दोन रोधांच्या विभाजकात वरचा रोध ५ टक्क्यांनी कमी-जास्त केला, तर मधले विभवांतर सुमारे ४.८८ ते ५.१३ व्होल्टमध्ये राहते. पण दोन्ही रोध परस्परविरुद्ध दिशांना चुकले, तर ते ४.७५ ते ५.२५ व्होल्टपर्यंत पोचते. म्हणजे एकच रोध बदलणाऱ्याला निम्मीच चूक दिसते.

संगणक वर्गाबाहेर ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. प्रयोगाऐवजी छापलेला आलेख स्वीकारण्याला मात्र आमचा विरोध आहे. डायोडला वायरी जोडून तो कोरड्या परीक्षानळीत ठेवा. नळी आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात बुडवा. शेजारी तापमापी असू द्या. दर वेळी चार-पाच मिनिटे थांबून मल्टिमीटरच्या २ व्होल्टच्या पल्ल्यावर वाचन घ्या. हे बिंदू संगणकाच्या आलेखावर मांडा. दोन्ही रेषा तंतोतंत जुळणार नाहीत, कारण आपला डायोड आणि आज्ञावलीतला डायोड एक नव्हेत. पण उतार जवळपास जुळेल. मग विद्यार्थ्यांना विचारावे: या आलेखातले काय संगणकाने काढले, आणि काय आपणच त्याला आधी सांगितले होते? ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर देता येईल, त्याच्या हाती ही आज्ञावली खुशाल द्यावी.