अल्केस्टिसचे मौन

युरिपिडीसच्या ‘अल्केस्टिस’ (इ. स. पू. ४३८) या नाटकात पतीऐवजी स्वेच्छेने मरण पत्करलेली नायिका अखेरीस परत येते, परंतु ती बोलत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत तिची वाणी ऐकू येणार नाही, असे विधिविषयक कारण हेराक्लिस सांगतो. तथापि तेवढ्याने वाचकाचे समाधान होत नाही. तिने पतीला, ॲडमीटसला, क्षमा केली काय, हा प्रश्न उरतोच.

ॲलेक्स मायकेलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) ही मनोविश्लेषणात्मक रहस्यकादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. पतीची हत्या करून मौन धरलेली चित्रकर्ती ॲलिशिया आपल्या आत्मचित्रास ‘अल्केस्टिस’ हेच नाव देते. येथे मात्र पत्नीला कोणी विचारीतच नाही. शस्त्रधारी आगंतुकाने घातलेल्या पेचात पती परस्पर स्वतःचा जीव निवडतो. त्यागाच्या जागी विश्वासघात येतो आणि मूळ कथेत झाकलेला पतीचा अपराध उघडा पडतो. लेखकाचे खरे यश यात आहे.

परंतु रहस्यकथेला उत्तर द्यावेच लागते. ॲलिशियाच्या दैनंदिनीतून मौनाचे कारण उलगडते आणि प्रश्नही तेथेच संपतो. युरिपिडीसने तो प्रेक्षकांवर सोपविला होता. कादंबरी उत्कंठावर्धक असूनही शोकात्म अनुभवाला उणी पडते, ती या ठिकाणी.